आक्काला आणायची गाडी

६ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

अखेर गाडी घेतली. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण वाचताना माझं मलाच खरं वाटेना. पण घेतली. आत्ता ती खिडकीसमोर उभी आहे आणि मी दर चार ओळींनी उठून ती जागेवर आहे ना ते बघून येतोय.

गाडी जुनी आहे, पण एकाच हाताची. हात दाताच्या डॉक्टरांचा. ते निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले आणि गाडी आमच्याकडे आली. रंग राखाडी. लांबी तीन मीटर शहाऐंशी सेंटिमीटर. पुस्तकात पंचाऐंशी दिलीय, पण मी टेप लावून बघितली. हसू नकोस. चौतीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले, टेप हातातून सुटत नाही.

गाडी कुणासाठी घेतली ते तुला वेगळं सांगायला नको. मी डिसेंबरात लिहिलं होतं, की खुब्याच्या ऑपरेशनला इकडे ये, डॉक्टर चांगले आहेत, घर तळमजल्यावर आहे, ऑपरेशननंतर तीन महिने राहा आणि चालायला लागलीस की परत जा. त्यावर तू कळवलंस, की बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, घरची गाडी असती तर एका पायावर आले असते. झालं तर मग! आता घरची गाडी आहे. एका पायावर ये नाहीतर दोन पायांवर, पण ये. जेमतेम तीन तासांचा रस्ता.

अडचण एवढीच, की गाडी घेतल्या घेतल्या काय काय करायचं असतं ते मला काडीचंही ठाऊक नाही. परवाना हातात येऊन चार महिने झालेत, तोही तिसऱ्या खेपेला. तू अठ्ठावीस वर्षं अँब्युलन्स चालवलीस. तू सांगशील ते आणि तसंच करीन. हिचा तुला नमस्कार. शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगितलाय, पण सांगितलाय.

आळीपाळीने तुझ्या पत्राची वाट बघणारा आणि गाडीवर पाळत ठेवणारा,
तुझा धाकटा भाऊ


११ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अ. आ.

शाबास रे! साठीला आलास आणि गाडी घेतलीस. लहानपणी सायकलवर पुढे बसवलं तरी उतरव उतरव म्हणून गल्ली डोक्यावर घ्यायचास, आणि आता स्टिअरिंगमागे बसणार म्हणे. एक सेंटिमीटर जास्त भरली ती डॉक्टरांची भेट समज.

आता नीट वाच. पहिलं काम कागदांचं. गाडी दारात उभी राहिली म्हणून आपली होत नाही. नोंदणी तुझ्या नावावर करून घे, विमाही तुझ्या नावावर करून घे. विमा डॉक्टरांच्या नावाने ठेवून कुणाला धडकलास, तर मग निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील. किल्ल्या दोन्ही घेतल्यास का? एक तू ठेव, दुसरी तिच्याकडे दे. दोन्ही स्वतःकडे ठेवू नकोस, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस तू.

मग गाडी. इंजिनातलं ऑइल बदल. डॉक्टर म्हणाले असतील की परवाच बदललंय, तरी बदल. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. डिकीतलं जादा चाक बाहेर काढून बघ. लोक वर्षानुवर्षं ते उचलत नाहीत आणि ऐन रस्त्यात ते चपटं निघतं. जॅक आणि पाना आहे का बघ, आणि एक चाक स्वतःच्या हाताने बदल. दुसऱ्याला बदलताना बघून आपल्याला आलं असं वाटतं, येत नसतं. सीट आणि तिन्ही आरसे तुझ्या उंचीला लाव. गाडीबरोबरचं पुस्तक वाच. ते तू वाचशीलच, तुला कादंबरीपेक्षा गोड लागेल.

हे सगळं झाल्याशिवाय गाडी गावाबाहेर काढायची नाही. मला कसलीही घाई नाही. खुबा कुरकुरतो, पण मी रोज संध्याकाळी खाली उतरते, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते, दुकानवालीशी दोन घटका बोलते आणि तीन मजले चढून वर येते. तेव्हा निवांत कर. आणि सुईला म्हणावं, कधीतरी मान वर करत जा, आखडेल.

माया आहेच, ती पत्रागणिक मागत बसू नकोस.
तुझी,
आक्का


२२ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी त्याचा तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावला. डावीकडे काम, मध्ये तारीख, उजवीकडे शेरा. ही म्हणते, दार उघडलं की तक्ता नाकावर येतो. येऊ दे.

नोंदणी झाली. कचेरीतल्या बाईंनी माझे कागद उलटेपालटे करून बघितले आणि इतके नीट कुणी लावून दिले असं विचारलं. मीच, असं सांगितल्यावर त्यांनी ते शेजारच्या टेबलावरही दाखवून आणले. विमा झाला. ऑइल बदललं. गॅरेजवाला म्हणाला की जुनं अगदी काळंभोर होतं, म्हणजे डॉक्टरांची थाप तू तिथे बसून ओळखलीस.

जादा चाकाची मात्र गंमतच झाली. चाक उचललं तर खाली दात! प्लास्टरचा अख्खा जबडा, वरचा आणि खालचा, माझ्याकडे बघून हसतोय. मी असा काही किंचाळलो की समोरच्या इमारतीतले तिघं गॅलरीत आले. डॉक्टरांना फोन केला तर ते हरखूनच गेले. कुणा पेशंटच्या कवळीचा तो साचा, सहा वर्षं शोधत होते म्हणे. पेशंट कंटाळून दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, पण साचा तरी सापडला. पार्सलने पाठवून दिलाय.

आणि आक्का, चाक बदललं! एक तास पन्नास मिनिटं लागली. त्यातला पहिला तास मी नट उलट्या बाजूला पिळत होतो. ही खिडकीतून बघत होती. शेवटी तिला राहवेना, तिने खिडकीतूनच सांगितलं की तिच्या यंत्राचे स्क्रू दुसऱ्या बाजूला सुटतात. तसं करून बघितलं, सुटले. आरसे लावले. पुस्तक दोनदा वाचलं, पान सत्तेचाळीसवर छपाईची चूक आहे, ती कंपनीला कळवली. गाडी रोज सकाळी पोस्टापर्यंत नेतो आणि परत आणतो.

तक्ता भरला. तरीही आणखी काही करायचं असेल तर अजिबात संकोच करू नकोस. घाईघाईत निघालो आणि काही राहून गेलं, असं नको व्हायला.

तुझ्या पुढच्या सूचनांसाठी कोरा तक्ता आखून ठेवलेला,
तुझा भाऊ


२७ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अ. आ.

दातांचं वाचून मी एवढी हसले की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. चाक बदललंस ते झकास केलंस. एक तास पन्नास मिनिटं म्हणजे तुझ्या मानाने वाऱ्याचा वेग.

कोरा तक्ता आखलायस तर भर. बॅटरीची टोकं साफ कर, पांढरं साठलं असेल. वायपरचं रबर बदल. ब्रेक दाखवून घे. दोन बादल्या ठेव आणि त्यांच्यामधून गाडी मागे घे, बादली न पाडता सलग वीस वेळा. एकोणिसाव्या वेळी पडली तर पुन्हा पहिल्यापासून. मग गाडी रिकामी शंभर किलोमीटर फिरव.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्या अँब्युलन्स ठाण्यावर एक रीत होती. नवा ड्रायव्हर आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात गाडी द्यायची नाही. त्याला मागे स्ट्रेचरवर आडवं करायचं, पट्टे आवळायचे आणि आमचे मोठे ड्रायव्हर त्याला तासभर गावातून फिरवायचे. खड्डा कुठे बसतो, ब्रेक पोटात कसा येतो, वळणावर डोकं कुठे जातं, हे पाठीला कळल्याशिवाय हाताला येत नाही. मी उतरले ती सरळ भिंतीला धरून ओकले. पण त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत माझ्या गाडीतल्या एकाही पेशंटने हळू चालवा असं म्हटलं नाही, हे मी मिरवून सांगते. तेव्हा तूही कुणालातरी गाडी चालवायला सांग आणि तासभर मागे बस. ते केल्याशिवाय दुखऱ्या खुब्याचं माणूस गाडीत घ्यायचं नाही. मलासुद्धा नाही.

सावकाश होऊ दे सगळं. इकडे छान चाललंय.

तुझ्या बादल्या सलामत राहोत असं चिंतणारी,
आक्का


८ मार्च

ती. आक्कांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. हे गाडी घेऊन पोस्टापर्यंत गेलेत. पोस्ट आमच्या खिडकीतून दिसतं. चालत गेले असते तर आत्तापर्यंत परत आले असते.

आक्का, तुमचा भाऊ तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. हे घाबरतात. पोस्टाच्या पुढे चौक आहे आणि चौकातून मोठा रस्ता लागतो. चौक दिसला की हे गाडी वळवतात. रोज. घरी येऊन तक्त्यावर लिहितात, फेरी समाधानकारक. तुम्ही रिकामे शंभर किलोमीटर सांगितलेत, तर तेही हे पोस्टाच्या खेपा घालूनच भरणार आहेत. मी मोजलं, सव्वाशे खेपा होतात. काल पोस्टमनने मला हळूच विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

बादल्यांचं झालं. वीस वेळा झालं, मी साक्षीला होते. माझी एक बादली कामी आली, पण असो. आता अडलंय ते मागच्या सीटवर. कुणी चालवायची? शेजारच्या प्राध्यापकांची पाठ अचानक धरली. मग मी यांना घेऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, की या गृहस्थांना तीन परीक्षांसाठी शिकवलं तेव्हा जे भोगायचं ते भोगून झालं, आता त्यांच्या गाडीत पुढे-मागे कुठेच बसणार नाही. यांचं तोंड एवढंसं झालं. मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटलं.

मी दुसऱ्या दिवशी एकटी गेले आणि मास्तरांकडे माझ्यासाठी फॉर्म मागितला. छप्पन्नावं लागलंय, तर लागू दे. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवतेय, पाय किती दाबायचा आणि कधी उचलायचा हे मला कुणी शिकवायला नको. बाकीचं मास्तर शिकवतील. सोमवारपासून सकाळी सात वाजता शिकवणी. यांना हळूहळू सांगेन, नाहीतर माझाही तक्ता दारावर चढेल.

तुमची यादी अशीच वाढत राहिली तर वर्षाअखेरीला मी गॅरेज काढेन बघा.

तुमच्या धाकात आणि लाडात वाढलेली,
तुमची सुई


२० एप्रिल

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

हिला परवाना मिळाला. पहिल्याच खेपेला! परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं म्हणे, की आधी किती वर्षं चालवताय. तीन दिवस मी माझ्या तीन खेपांचा विषय निघू दिला नाही. चौथ्या दिवशी सरळ गाडीत बसलो. ही पुढे, मी मागे. ठरल्याप्रमाणे तासभर. तुझ्या रीतीने आडवा झालो असतो, पण पाय खिडकीबाहेर गेले असते.

पहिली दहा मिनिटं मी मागून सूचना दिल्या. हिने एकही ऐकली नाही. चौक आला तेव्हा मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं की इथून वळव. ही वळली नाही. सरळ मोठ्या रस्त्याला लागली. मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळी शेतं होती, गाडी सरळ शिवण घालावी तशी चालली होती आणि ही चक्क गुणगुणत होती. मला माझीच लाज वाटली.

तुझ्यापासून काय लपवायचं? अडीच महिन्यांत मी त्या चौकाच्या पुढे गेलो नव्हतो. गाडीची भीती नाही वाटत मला. मागे तू बसलेली असशील आणि माझ्या हातून काहीतरी होईल, याची वाटते. दुसरं कुणी असतं तर इतकं वाटलं नसतं. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, शाळेत तू पोचवलंस. आता तुला पोचवायची वेळ आली तर माझं हे असं.

मागे बसल्याचा फायदा मात्र झाला. सीटला डावीकडे एक उंचवटा आहे, तुझ्या डाव्या खुब्याला नेमका टोचेल. तू उजवीकडे बसायचं. मी उशीचा नकाशा काढून दिला आणि हिने उशी शिवली. परवापासून मीही चौक ओलांडतो, ही शेजारी असली की. तेव्हा आता तारीख कळव.

तुझ्या होकारावर जीव टांगून बसलेला,
तुझा भाऊ


२६ एप्रिल

चि. फूटपट्टीस,
अ. आ.

सुईला माझ्याकडून पाठीवर थाप दे. जोरात नको, गाडी चालवणारी बाई आहे. तुला भीती वाटते हे लिहिलंस ते बरं केलंस. मला न घाबरणारा ड्रायव्हर कधीच आवडला नाही.

पण तारखेची घाई नको. टायर किती जुने आहेत ते बघितलंस का? टायरच्या अंगावर आकडे असतात, त्यावरून कळतं. फार जुने असले तर चारही बदल. नवे टायर थोडे चालवून बसू द्यावे लागतात. मग चाकांची अलाइनमेंट. तोवर ऊन वाढेल, इंजिन तापेल. मग पाऊस, रस्ते निसरडे. तेव्हा आपलं हिवाळ्याकडे बघू. ऑपरेशन काय, कधीही करता येतं.

शिवाय माझी तब्येत आता छान आहे. बुधवारीच दुकानापर्यंत जाऊन आले. दुकानवालीने खुर्ची दिली, तासभर बसले, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. उगाच माझी काळजी करत बसू नकोस.

आहे तिथे सुखात असलेली,
आक्का


३ मे

ती. आक्कांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला हातोहात फसवाल, म्हणून लिहितेय.

आक्का, तुम्ही बुधवारी दुकानापर्यंत गेला नाहीत. तुम्ही जानेवारीपासून एकदाही जिना उतरला नाहीत. दुकानवालीचा मला फोन आला होता. तुम्ही खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडता आणि ती त्यात सामान भरते. कुणाला सांगायचं नाही म्हणून तुम्ही तिला बजावलं होतंत, ते तिने चार महिने पाळलं. परवा पिशवी वर ओढताना तुमचा तोल गेला, तुम्ही ओरडलात आणि मग कितीतरी वेळ खिडकीत दिसला नाहीत, तेव्हा तिचा धीर सुटला. तिच्यावर रागावू नका. फोनवर ती रडत होती.

मला तुमचा राग आलाय, खूप आलाय. आणि त्याहून जास्त काळजी वाटतेय. तुम्ही बहीणभाऊ दोघंही एकाच यादीच्या मागे लपून बसलाय. हे चौकाच्या अलीकडे आणि तुम्ही जिन्याच्या वर. तुम्ही काम वाढवायचं, यांनी ते तक्त्यात भरायचं, आणि दोघांनीही हुश्श म्हणायचं. यांचं कारण मला कळलं, यांनी तुम्हालाही लिहिलं. तुमचं कारण काय? जी बाई आख्ख्या गावाला दवाखान्यात घेऊन गेली, ती ऑपरेशनला घाबरेल असं मला वाटत नाही. मग कशाला घाबरताय?

अठरा तारखेला, रविवारी सकाळी अकरा वाजता, मी गाडी घेऊन तुमच्या दारात येतेय. टायर बघितले, उत्तम आहेत. यायचं नसेल तर येऊ नका. आम्ही चहा पिऊ आणि परत निघू. पण नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणायचं, टायरवर ढकलायचं नाही. आणि त्याआधी मला खरं काय ते लिहा.

रागावलेली, तरीही तुमचीच,
सुई


७ मे

चि. सौ. सुईस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी दुकानवालीला पिशवीतून चार खरमरीत ओळी पाठवल्या. मग तासाभराने दुसरी चिठ्ठी पाठवून माफी मागितली. तुझं पत्र मात्र चारदा वाचलं. मला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं गेल्या कित्येक वर्षांत.

विचारलंस म्हणून सांगते. मी अठ्ठावीस वर्षं माणसं घरातून उचलून नेली. स्ट्रेचर दारातून बाहेर पडताना पेशंट काय करतो माहीत आहे? मान वळवून घराकडे बघतो. तापाने फणफणलेला असला तरी बघतो. म्हातारी माणसं तर हटकून. आणि मला विचारायची, की परत कधी येईन. मी ठोकून द्यायचे, की आठ दिवसांत याल. अगं, मला काय माहीत? आमची गाडी नेण्याची. परत आणणं आमच्या कामात नव्हतंच. कोण परत आलं, कोण मुलाकडे गेलं ते तिकडेच राहिलं, कोण राहिलंच नाही, मला कधी कळलं नाही. मी आपली पुढच्या घरी.

आता फूटपट्टी लिहितो, तीन महिने राहा आणि परत जा. तो मनापासून लिहितो. पण मीही मनापासूनच सांगायचे. तिथे तुम्ही दोघं माझं सगळं कराल, मायेने कराल, आणि तीन महिन्यांनी कुणी परत जायचा विषय काढणार नाही. मी तर नाहीच काढणार, इतक्या मायेपुढे कुठल्या तोंडाने काढू? एकतीस वर्षं या दोन खोल्यांत मी माझ्या मनाची राणी आहे. हा जिना एकदा उतरले की पुन्हा चढणार नाही, याची भीती वाटते मला. बस, एवढंच आहे. सुईच्या भोकाएवढं. त्यापायी मी तुम्हाला टायर मोजायला लावले.

रविवारी ये. मी येईन. फक्त मला कुणी उचलायचं नाही, हातही लावायचा नाही. कितीही वेळ लागो, मी माझ्या पायांनी उतरेन. आणि यातलं अक्षरही फूटपट्टीला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल आणि तो तक्ता करेल.

तू रागावलीस म्हणून बरं वाटलेली,
आक्का


९ सप्टेंबर

चि. सौ. दुकानवालीस,
अ. आ.

रविवारी मी तुझ्यावर अन्याय केला, म्हणून हे पत्र. तू माझ्या खोल्या झाडून ठेवल्यास, पाणी भरून ठेवलंस, मी परत राहायला येणार म्हणून दुकान बंद करून दारात उभी राहिलीस. आणि मी तासाभरात खाली उतरून तुला धड काही न सांगता निघून गेले. तुझा चेहरा उतरलेला मी बघितला. त्या वेळी राहिलं ते आता लिहिते.

मे महिन्यात मी जिना कशी उतरले ते तू बघितलंसच. पन्नास मिनिटं. आमचा फूटपट्टी दोन पायऱ्या पुढे, हात पाठीशी बांधून, आणि डोळ्यांतून पाणी. सुईने अर्धा रस्ता गाडी चालवली आणि मग मध्येच थांबवून तिने त्याला पुढे बसवलं. त्याला किंवा मला, कुणालाच न विचारता. पोरीने जीव टांगणीला लावला. पण त्याने चालवली गं. हळू, अगदी मापात. माझ्या खुब्याला एक खड्डा लागला नाही. मी अठ्ठावीस वर्षं जी शेखी मिरवली, ती माझ्या धाकट्याने एका दिवसात उतरवली.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. नीट झालं. मग तीन महिने दोघांनी मला फुलासारखं जपलं. मी कुरकुरले, ओरडले, सुईशी दोनदा भांडले, पण सुखात होते. आणि मला वाटलं होतं तसंच झालं. परतीचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. मनात म्हटलं, झालं, तिकडची ती शेवटचीच पायरी होती.

शनिवारी सकाळी बघते तर फूटपट्टीने माझी बॅग भरून दारात ठेवलेली. मला म्हणाला, की काल तीन महिने पूर्ण झाले, उद्या तुला परत न्यायचं. मग कळलं, की सुईला मी जे पत्र लिहिलं होतं, कुणाला दाखवू नकोस म्हणून, ते तिने मेमध्येच त्याला दाखवलं होतं. बायकोच ती. तेव्हापासून हा बिचारा एकेक दिवस मोजत होता. विषय काढला नाही, कारण काढला असता तर रडला असता. आणि मी समजत होते, की त्याला आठवणच नाही.

येताना तो एकटाच चालवत होता. सुई घरीच राहिली. पुढचं तुला माहीत आहे. मी जिना चढले, माझ्या पायांनी, मध्ये एकदाच थांबून. खोल्या तशाच होत्या. खिडकी उघडली, माझ्या खुर्चीत बसले, चहा केला आणि प्यायले. तीन महिने ज्यासाठी जीव तळमळला होता ते सगळं जिथल्या तिथे होतं. आणि चहा पिताना मी वाट कसली बघत होते सांगू? आतून सुईच्या यंत्राचा आवाज कधी येतो याची. मला माझंच नवल वाटलं. कप धुऊन ठेवला, खिडकी लावली आणि उतरले. मला परत येता येतं, एवढंच बघायचं होतं गं. ते एकदा बघितल्यावर तिथे बसून राहण्यात काही राहिलं नाही. सोबत किल्ली पाठवते आहे, घरमालकांना दे. माझी खुर्ची तू घे, दुकानात ठेव.

खाली आले तर फूटपट्टीने बॅग डिकीतून काढून फुटपाथवर ठेवलेली, आणि स्वतः गाडीत पाठमोरा बसलेला, नाक पुसत. कबूल केलं होतं ना त्याने, मग बॅग काढायलाच हवी. मी काच वाजवली आणि बॅग पुन्हा आत ठेवायला सांगितली. त्याला काही कळेना. ठेवली, मला उजवीकडे बसवलं, गाडी सुरू केली. तुझ्या दुकानापुढच्या चौकाशी आल्यावर त्याने आरशातून बघत विचारलं, की बरं, मग आता परत कधी आणायचं. मी म्हटलं, की अरे वेड्या, परतच तर चाललेय.

तुझी पिशवी चार महिने वर ओढणारी, आणि ते कधीही न विसरणारी,
आक्का